'भीती वाटली' आणि 'घाबरलो' यात फरक काय? आणि 'थरार' नक्की कुणाचा?

परवा भाचीबरोबर रोलर कोस्टरमध्ये बसलो. उतरल्यावर ती म्हणाली, मामा तू जाम घाबरलास. मी म्हटलं घाबरलो नाही गं, भीती वाटली फक्त. तर ती हसायलाच लागली, एकच ना ते! मी अगदी ठामपणे नाही म्हटलं आणि मग घरी येईपर्यंत डोकं खाजवत बसलो की फरक आहे हे कळतंय पण सांगायचा कसा. मला वाटतं भीती आतल्या आत वाटू शकते, शेजारच्याला पत्ताही लागत नाही, पण घाबरणं दिसतं, घाबरलेला माणूस किंचाळतो, दांडा घट्ट धरतो, डोळे मिटून घेतो (तिन्ही मी केलं होतं, ते सोडा). शिवाय 'मला भीती वाटली' यात भीती आपली आपण आली, माझा काय दोष, आणि 'मी घाबरलो' म्हटलं की कर्ता मीच, म्हणजे लाजही माझीच.
दुसरं म्हणजे 'थरार'. पेपरात रोज असतो पण बोलताना कुणी 'मला थरार वाटला' म्हणतं का? आपण तर सरळ 'थ्रिल आलं' म्हणतो. थ्रिलवरूनच पाडलाय का हा शब्द?

—

नाही हो, थ्रिलचा आणि थरारचा काही संबंध नाही, ऐकायला सारखे वाटतात इतकंच. थरार हा थरथर, थरकाप यांच्या घरातला, आपला अस्सल नादावरून आलेला. थ्रिलचा जुन्या इंग्रजीतला अर्थ भोक पाडणे, आरपार टोचणे. नाकपुडीला नॉस्ट्रिल म्हणतात ना, त्यातला मागचा तुकडा त्याच कुळातला, म्हणजे नाकाचं भोक. तर त्यांना काहीतरी आरपार जातं आणि आपण नुसते कापतो!
वापराचं म्हणाल तर माझं मत असं की थरार हा बघणाऱ्याचा शब्द आहे. शेवटच्या षटकाचा थरार म्हणतो तो गॅलरीत बसलेला, बॅट हातात असलेल्याला कसला थरार, त्याला घाम फुटलेला असतो. तसंच राइडचा थरार खाली उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याला.

—

फरक आणखी बारीक करता येईल. रांगेत उभं असताना जी असते ती धास्ती, अजून काही झालेलंच नसतं तरी असते. गाडी चढणीला लागून टक टक टक आवाज सुरू झाला की धडकी भरते. माथ्यावरून खाली सुटताना होतं ते धस्स, त्याला दुसरा शब्दच नाही. आणि उतरल्यावर जो माणूस पुन्हा कधी बसणार नाही म्हणतो त्याने घेतलेला असतो तो धसका. लोक धास्ती आणि धसका सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात पण धास्ती पुढच्याची असते, धसका मागच्याचा. परीक्षेची धास्ती आणि नापास झाल्याचा धसका, उलटं करून बघा, कानाला खटकतं की नाही?
जाता जाता, तो टकटक आवाज बऱ्याच जणांना साखळीचा वाटतो. बहुतेक राइड्सवर तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्यांचा असतो, एकेका दात्यावर पडत जातात. म्हणजे धडकी भरवतो कोण, तर आपल्याला धरून ठेवणाराच :)

—

पोटात गोळा येणे कसं विसरलात सगळे! हा एकच वाक्प्रचार असा आहे की तो अलंकारिक नाहीच, अगदी शब्दशः खरा आहे. एरवी सीट आपल्याला खालून उचलून धरते आणि पोटातली आतडी वगैरे आपल्या वजनाने खाली टेकून असतात. गाडी खाली सुटली की सीटचा आधार जवळजवळ जातो, आपण, सीट, आतडी सगळं एकाच वेगाने पडायला लागतं, त्यामुळे आतला नेहमीचा ताण नाहीसा होतो आणि मेंदूला ते काहीतरी वर सरकल्यासारखं वाटतं. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात तेही त्याच क्षणी वेगळीच खबर देतात. यात वेगाचा प्रश्न नाहीच, विमान ताशी ८०० किमीने जात असतं आणि आपण आत झोपलेलो असतो. वेग किती झटकन बदलला हे शरीराला कळतं. आकाशपाळणा बघा, किती हळू फिरतो, तरी खाली येताना हलका गोळा येतोच. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरने पहिला उभा केला तो ८० मीटर उंच होता, त्यात बसलेल्यांना काय झालं असेल.
बाय द वे 'पोटात खड्डा पडला' पण म्हणतात. गोळा की खड्डा ते ठरवा बुवा एकदा.

—

खड्डा वाईट बातमीने पडतो. राइडवर गोळाच.

—

फाटली, टरकली, तंतरली. सगळ्या स्त्रीलिंगी. माझी तंतरली म्हणजे माझी कोण तंतरली?? मुलगा असो मुलगी असो, 'ती' कोण हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

—

(वरच्यांना: फाटलीच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहू नका. तंतरली मात्र खरंच कोडं आहे.)
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, आणि आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेच्या शरीरावर आपोआप दिसणाऱ्या खुणा, दिलेत: स्तंभ म्हणजे जागीच थिजणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहरा पांढरा पडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. आता राइडवरून उतरणाऱ्या कुणालाही बघा, पहिले सात तरी सापडतील. आठवा नको.
पण गंमत अशी की हे सात्त्विक भाव एकट्या भयाचे नाहीतच. रोमांच आनंदानेही येतात, अश्रू हर्षानेही. शरीर तेच करतं, छाती धडधडते, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, केस उभे राहतात, नाव आपण नंतर देतो. अंगावर काटा आला म्हटलं की बहुतेक वेळा भीती, रोमांच म्हटलं की आनंद, कातडीला दोन्ही सारखंच. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचे २०१४ सालचे प्रयोग आहेत, लोकांसमोर गायच्या किंवा बोलायच्या आधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. अर्थात पट्टा घट्ट आहे हे माहीत असतं म्हणून हे जमतं. पट्टा सैल वाटला की उत्साह म्हणा नाहीतर काही म्हणा, भीतीच वाटणार, आणि वाटायलाच हवी.
आणि मराठीत ही सरमिसळ आधीपासून आहे की, आपण 'भयंकर आवडलं', 'भयानक सुंदर' म्हणतोच. पूर्वी यावर शुद्धतावाले चिडायचे. मला तर तो मराठीचा प्रामाणिकपणा वाटतो.

—

रोलर कोस्टरला मराठी शब्द काय? 'घसरगाडी' कसं वाटतं?

—

घसरगाडी गोड आहे पण कुणी वापरणार नाही, कोस्टरच म्हणतील. तसंही या प्रकाराचं नाव सगळे दुसऱ्यावर ढकलतात. रशियात बर्फाच्या उंच घसरगुंड्या असायच्या त्यावरून फ्रेंच लोक याला रशियन डोंगर म्हणतात, आणि रशियन लोक म्हणतात अमेरिकन टेकड्या!

—

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, भाचीला वाचून दाखवलं. धास्ती-धसका तिला पटलं, माझं घाबरणं-भीती नाही पटलं, ती म्हणते मामा तू ओरडलास म्हणजे घाबरलास, विषय संपला. मग शेवटी ब्रेक लागून गाडी थांबते तेव्हा काय होतं असं विचारलं तर मी म्हटलं जीव भांड्यात पडतो. त्यावर तिचा प्रश्न, कुठल्या भांड्यात? आता या भांड्याचं कुणाला ठाऊक असेल तर सांगा, नाहीतर मला पुढच्या वेळी परत तिच्या शेजारी बसावं लागणार आहे, पहिल्या डब्यात.