प्रेझेन्स कोडाच्याही खाली? हे नाही चालणार

टेपवाला:
परवा कुणीतरी लेड झेपेलिन या इंग्रज रॉक बँडच्या नऊ अल्बमांची क्रमवारी टाकली. चौथा एक नंबरवर, मग दुसरा, फिजिकल ग्राफिटी, पहिला, हाउसेस, तिसरा, इन थ्रू द आउट डोअर, कोडा आणि सगळ्यात तळाला प्रेझेन्स. कारण एका ओळीचं: "एकही गाणं लक्षात राहत नाही." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कोडा म्हणजे ड्रमर बॉनम गेल्यावर दोन वर्षांनी कपाटातून काढलेली शिल्लक. ती प्रेझेन्सच्या वर? ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर गाडीला अपघात झाला, गायक प्लांटचा घोटा मोडला. नोव्हेंबरात तोच माणूस म्युनिकला चाकाच्या खुर्चीत बसून गायला. अठरा दिवसांत सगळं आटपावं लागलं, कारण त्याच स्टुडिओत पुढच्या तारखा रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडच्या होत्या. कीबोर्ड नाही, मँडोलिन नाही. गिटार, बास, ड्रम आणि कळा सोसत गाणारा एक माणूस. 'अकिलीज लास्ट स्टँड'ची दहा मिनिटं संपल्यावर ज्याच्या डोक्यात काही उरत नाही, त्याने ते ऐकलेलंच नाही, नुसतं लावून ठेवलं होतं.

मी प्रेझेन्स १९८९ साली नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर भरून घेतला. एका बाजूला ४५ मिनिटं आणि अल्बम ४४ च्या वर. भरणाऱ्याने सुरुवातीला टेप थोडी कोरी सोडली असणार, कारण शेवटचं 'टी फॉर वन' संपता संपता सूर मध्येच तुटायचा आणि खट्कन बटण वर यायचं. अकरा वर्षं मला वाटायचं, ते गाणं तसंच संपतं. सीडी घेतली त्या रात्री शेवटचे ते काही सेकंद मी पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकले. आणि म्हणे लक्षात राहत नाही.

माझा क्रम: ग्राफिटी, प्रेझेन्स, तिसरा, पहिला, चौथा, हाउसेस, दुसरा, आउट डोअर, कोडा.

बोळातला_ढोल:
प्रेझेन्सबद्दल बोला हवं तेवढं, पण चौथा पाचव्या नंबरवर? 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे हो त्यावर! हेडली ग्रेंजच्या त्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. मी अकरा वर्षं पथकात ढोल वाजवतोय. मैदानात सरावाला वाजवलेला ढोल वेगळा आणि पेठेतल्या अरुंद बोळातून जाताना वाजलेला वेगळा. बोळात टिपरू पडलं की भिंत तो ठोका परत देते, छातीत बसतो. बॉनमचा तो पहिला ठोका ऐकला आणि मला आमचा बोळ आठवला. असा ड्रमचा आवाज दुसऱ्या कुणी आणून दाखवा, मग चौथ्याला पाचवा म्हणा.

खमाजी:
झेपेलिनचं गाणं ज्यावर उभं आहे तो ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, म्हणून विचारते. ज्यांचा ब्लूज होता त्यांची नावं कुणी घेणार आहे का? मूळ यादीत दुसरा अल्बम दोन नंबरवर आहे. 'होल लॉटा लव्ह'चे शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'वरून आलेत, ब्लूज गायक मडी वॉटर्सने ते १९६२ मध्ये गायलं होतं. 'लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर' उघड दिसतं. 'ब्रिंग इट ऑन होम' तर डिक्सनचंच. पहिल्या छपाईत या तिन्हींवर श्रेय फक्त बँडच्या लोकांना. डिक्सनला सत्तरीला येऊन १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, १९८७ मध्ये तडजोड झाली. माझ्या क्रमवारीत दुसरा नववा.

टेपवाला:
विषय अल्बम कसे आहेत हा आहे, खटल्यांचा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.

गिरगाव_ते_गोरेगाव:
खमाजीताई, लोकसंगीत असंच चालतं. ब्लूजवाल्यांनीही एकमेकांच्या ओळी उचलल्यात. आपल्याकडे एकच बंदिश चार घराण्यांत चार तऱ्हांनी गातात, तिथे कुणी कोर्टात जातं का? परंपरा वाहती असते. झेपेलिनच्या गिटारवाल्या पेजने त्या गाण्याचं जे केलं ते मडी वॉटर्सच्या गाण्यात नव्हतंच. तो रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी ओळ, पेजचा आहे.

खमाजी:
बंदिशीचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. अठराव्या शतकातल्या सदारंगची बंदिश आज कोणत्याही घराण्याचा गवई गातो, पण अंतऱ्यात 'सदारंग' येतो की नाही? तीनशे वर्षं झाली, राज्यं गेली, तरी ते नाव कुणी काढलं नाही. कारण नाव बंदिशीतच विणलेलं आहे. तुमच्या परंपरेत आधी नाव काढलं, मग ती वाहायला लागली.

आणि त्यांना माहीत नव्हतं असंही म्हणू नका. जानेवारी १९६९ च्या पहिल्या अल्बमवर 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी'ला डिक्सनचं नाव स्वच्छ छापलंय. ऑक्टोबरात दुसरा आला. नऊ महिन्यांत विसरले?

गिरगाव_ते_गोरेगाव:
तुम्ही इतक्या चिडता का, तेच कळत नाही. पन्नास वर्षं जुनी गोष्ट आहे आणि पैसे मिळाले ना त्यांना शेवटी. उगाच नैतिकतेचे धडे देऊन लोकांच्या आवडीवर विरजण टाकायचं.

खमाजी:
का चिडते ते सांगते. माझ्या आजोबांनी गावच्या भजनी मंडळासाठी एक गवळण रचली होती. पुढे ती एका कॅसेटवर आली. आतल्या कागदावर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव आणि गीतापुढे एकच शब्द: पारंपरिक. शेवटच्या कडव्यात आजोबांचं नाव होतं, ते कडवंच गाळलं होतं. आजोबा ओट्यावर बसून भिंगातून तो कागद वाचायचे, उलटा करून मागची बाजू बघायचे, परत घडी घालून ठेवायचे. कुणाला काही बोलले नाहीत. पैसे नको होते त्यांना. म्हणून "परंपरा वाहती असते" हे वाक्य माझ्यासमोर नका म्हणू.

बोळातला_ढोल:
ताई, हे वाचून गलबललो. पण माझ्या चौथ्यावर मात्र हा डाग लावू नका. 'लेव्ही'वर मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून आहे. १९२९ चं तिचं आणि कॅन्सस जो मॅकॉयचं गाणं.

खमाजी:
मिनीचं आहे, जोचं नाही. पण ठीक, चौथ्याला एवढं देते.

रेडिचकर:
मी नोकरीनिमित्त सहा वर्षं इंग्लंडातल्या रेडिचमध्ये राहतोय. बॉनम इथलाच. गावात त्याचं ब्राँझचं स्मारक आहे, ३१ मे २०१८ ला, त्याच्या सत्तराव्या जन्मदिनी उभं केलेलं. रोज कामावर जाताना पुढून जातो. गिरगावकरांना एक सांगायचंय. इथल्या जुन्या मंडळींशी बोलताना मीही एकदा डिक्सनचा विषय काढला. एक आजोबा म्हणाले, आम्ही मडी वॉटर्स आणि डिक्सन शोधले ते झेपेलिनमुळेच, नाहीतर नावंही कानावर आली नसती. हेही खरं ना? आणि आपल्याकडचं म्हणाल तर पहिल्याच अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड'ला विराम जसानीचा तबला आहे, नावानिशी छापलेला. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्याने रेकॉर्ड केली. ती २०१५ मध्ये कोडाच्या वाढीव आवृत्तीत निघाली. त्या दोन तुकड्यांसाठी तरी कोडाला शिल्लक म्हणू नका, टेपवाले.

टेपवाला:
१९८२ चा कोडा आणि २०१५ चा कोडा एक नाही. नंतर भर घातलेल्या ताटावरून आधीच्या जेवणाची चव ठरवायची का? मुंबईचं रेकॉर्डिंग मलाही प्रिय आहे, पण कोडा नववाच.

खमाजी:
टेपवाले, तुम्ही माझ्या मुद्द्याला खटल्यांचा धागा म्हणालात, म्हणून तुमच्या लाडक्या अल्बमवर येते. प्रेझेन्सवरचं 'नोबडीज फॉल्ट बट माइन'. ब्लाइंड विली जॉन्सनने ते १९२७ मध्ये गायलंय. आंधळा माणूस, रस्त्यावर गिटार वाजवून देवाची गाणी म्हणायचा, १९४५ मध्ये गरिबीत गेला. प्रेझेन्सवर श्रेय कुणाला? पेज आणि प्लांट. तुमच्या एक नंबरच्या ग्राफिटीवर 'इन माय टाइम ऑफ डाइंग' आहे, तेही विलीने १९२७ मध्येच रेकॉर्ड केलेलं. तिथे श्रेय चौघा झेपेलिनवाल्यांना. डिक्सन निदान कोर्टात जायला जिवंत होता.

गिरगाव_ते_गोरेगाव:
आता बोला टेपवाले.

टेपवाला:
रात्री दोन्ही ऐकली, पाठोपाठ. आधी विली जॉन्सन, मग प्रेझेन्स. पेजचा तो रिफ, बॉनम आणि बासवाला जोन्स जिथे थांबतात आणि परत एकदम पडतात ती जागा, प्लांटचा हार्मोनिका, यातलं काहीही विलीकडे नाही. हे मी सोडणार नाही. पण शब्दांचा गाभा त्याचा आहे, आणि देवाचं पुस्तक न वाचल्याची जी भीती त्या म्हाताऱ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे ती प्लांटकडे नाही. हे मला आजवर माहीत नव्हतं असं नाही. मी बघितलं नव्हतं. खमाजीताई, तुम्हाला "वेगळा धागा काढा" म्हणालो ते चुकलं.

प्रेझेन्स दुसऱ्याच नंबरवर राहील. ती टीडीके अजून आहे माझ्याकडे. आतल्या कागदावर मी गाण्यांची नावं निळ्या पेनने लिहिली होती. चौथ्या गाण्यापुढे थोडी जागा होती, तिथे आज ब्लाइंड विली जॉन्सन लिहिलं.

खमाजी:
ग्राफिटीच्या कागदावरही लिहा.

टेपवाला:
त्यावर जागा नाही, पंधरा गाणी आहेत. मागच्या बाजूला लिहितो.

बोळातला_ढोल:
आणि चौथा?

टेपवाला:
पाचवा.