विनाड्रायव्हरची मेट्रो अन् बंटीचा फॉर्म

(फॅमिली ग्रुप : मोठ्या घरचे. दादानं सौदीतल्या रियाधच्या मेट्रोत पुढच्या काचेपाशी काढलेला फोटो टाकला)

काकू: फोटो झकास आला रे पण तू इंजिनात काऊन बसला, तिथं ड्रायव्हर बसते नं

दादा रियाध: काकू ह्या गाडीले ड्रायव्हरच नाही. केबिनच नाही त बसन कुठं. पुढच्या काचेपाशी कोनीबी उभं राहते

काकू: अगं माय

मामा अकोला: हे एआयचे फोटो असते आजकाल. कालच एक आला होता, वाघ बसमध्ये बसलेला

दादा रियाध: मामा, 4 उन्हाळे केबल ओढले त्या लाईनीत माह्या हातानं, एआय कायले म्हन्ता 😄

दादा रियाध: अन् लोकाईले वाटते अरबाच्या देशात पैसा फेकला का झालं काम. 2013 ले ठेके दिले अन् पहिली गाडी पब्लिकसाठी सुटली 1 डिसेंबर 2024 ले, म्हन्जे 11 वर्षं. पन एक मानलं पायजे, एकाच वेळी 6 च्या 6 लाईनी बांधाले काढल्या, 176 किलोमीटर, 85 स्टेशनं, अन् पहिल्या दिवसापासून विनाड्रायव्हर. माही नारंगीवाली 3 नंबरची सगळ्यात लांब, अन् सगळ्यात शेवटी उघडली, 5 जानेवारी 2025 ले. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्यावर काम बंद ठेवा लागते इथं, सरकारी नियम हाय, मंग आमी रात्रीचं काम करो. बाकीचे पोट्टे कुरकुर करत, मले काई वाटे नाही, आपल्याकडं ओलिताची विजेची लाईनच रात्री 12 ले येते त लहानपनापासून सवय

काकू: आजही 12 चीच हाय. तुहे काका टॉर्च चार्जिंगले लावून झोपले

बंटी: दादा एक मिनिट. म्हन्जे ट्रेन ऑपरेटरची पोस्टच जाईन का? मी एका मेट्रोचा फॉर्म भरून रायलो ना, स्टेशन कंट्रोलर कम ट्रेन ऑपरेटर. डिप्लोमा चालते त्याले. सोमवार लास्ट डेट. फी भरू का नको सांगा

मामा अकोला: नोको भरू. ज्या खुर्चीवरून मानूस उठवून रायले त्या खुर्चीसाठी कायले फी भरतं. त्यापेक्षा डी फार्मसी केली असती त आज दुकान असतं, म्या तवाच म्हनलं होतं

आत्या अमरावती: दादा तू प्रत्येकाले डी फार्मसीच सांगतं

भाऊजी नागपूर: मामाजी थोडं थांबा. आपल्या नागपूरच्या मेट्रोत आजही ड्रायव्हर आहे, मी रोज खापरीवरून सीताबर्डीला जातो. 11 डिसेंबर 2022 ला पहिला टप्पा पूर्ण झाला, त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याचं भूमिपूजन झालं, तो 43.8 किमीचा आहे, बुटीबोरी, कन्हान, हिंगण्याकडे. विनाड्रायव्हर देशात पहिल्यांदा दिल्लीत चालली, मॅजेंटा लाईनवर, 28 डिसेंबर 2020. तिथंही सुरुवातीला गाडीत माणूस बसवत होते, नुसता लक्ष ठेवायला

मामा अकोला: दिल्लीची त भिंतीत घुसली होती जी, टीव्हीवर दाखोलं होतं!!

भाऊजी नागपूर: ती डिसेंबर 2017 ची गोष्ट, कालिंदी कुंजच्या डेपोत, लाईन सुरू व्हायच्या आधी. आत एकही प्रवासी नव्हता. ब्रेक न तपासता गाडी हलवली म्हणून मागं घसरली, चूक माणसांचीच निघाली होती

मामा अकोला: मंग त मानूस काढला थे बरंच केलं म्हना 😂

दादा रियाध: बंटी ऐक. गाडी आपोआप चालवाच्या 4 पायऱ्या असते. पहिल्या पायरीत ड्रायव्हर सगळं हातानं करते. दुसरीत गाडी स्वताच पळते स्वताच थांबते, ड्रायव्हर नुसता दरवाजे लावते अन् सुटाचं बटन दाबते. तिसरीत ड्रायव्हर नाही पन गाडीत एक मानूस असते, काई झालं त हाताशी. चौथीत कोनीच नाही, हे रियाध, दुबई चौथ्या पायरीवर. दुबईची त 2009 पासून अशीच चालून रायली

दादा रियाध: गाडी रेडिओवर सारखी सांगत राहते का मी इथं हाय, माहा स्पीड एवढा. कंप्युटर मागच्या गाडीले सांगते तू एवढ्या अंतरावर राय. त्याच्यानं गाड्या जवळजवळ सोडता येते, दर दीड दोन मिनिटाले एक सोडली तरी भेव नाही

काकू: अन् रुळावर म्हैस आली त?

दादा रियाध: म्हैस येतच नाही काकू. लाईन एक त खांबावर नाहीतर बोगद्यात, जमिनीवर असन तिथं कुंपन. प्लॅटफॉर्मवर काचेची भिंत, गाडी बरोबर समोर येऊन थांबली का गाडीचे अन् भिंतीचे दरवाजे संगच उघडते

बंटीची ताई: आबाजी बोलून रायले, टाईप करतो

बंटीची ताई: आबाजी म्हनून रायले का हेच त मी विचारनार होतो, का म्हैस आली त काय. शकुंतला रेल्वेवर माही जिंदगी गेली, मुर्तिजापूर त यवतमाळ 113 किलोमीटर, अडीच फुटाचा रूळ, तिथं फाटक आलं का गाडी उभी राहे, आमच्यातला एक जन खाली उतरून फाटक लावे, गाडी पुढं सरके, पुन्हा उभी राहे, तो फाटक उघडून पळत येऊन डब्यात चढे अन् मंग शिटी. दारव्ह्याच्या अलीकडं त लोक चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरचं, 1921 चं, ड्रायव्हरले त्याचा आवाज ऐकून समजे का आज याचं पोट बिघडलं हाय. मंग डिझेल आलं. तवाबी लोक म्हनले आता कोयसा टाकनाऱ्याचं कसं. अन् आता त गाडीच बंद, रुळावर बाभळी उगवल्या. म्हनून बंटीले सांगा का ड्रायव्हर गेला त फरक नाही, लाईन हाय का नाही थे पाय आधी. लाईन असन त मानूस लागते. लाईनच नसन त इंजिनात देव बसवला तरी काय

बंटीची ताई: (बोट दुखलं माहं)

आत्या अमरावती: आबाजींनी डोळ्यात पानी आनलं. मी त्याच गाडीनं सासरी गेली होती, पाटीवर ट्रंक ठेवून

मामा अकोला: पन मुद्दा तोच राहते नं, ड्रायव्हरची नोकरी त गेली

काकू: मामाजी मी सांगू का. तुमच्या भाच्यानं गेल्या साली मोटरीले ऑटो बसवला, मोबाईलवाला. लाईन आली का मोटर आपोआप चालू. सगळे म्हनले आता रात्रीचं जाग्न गेलं. मंग काय झालं, पाईपाच्या बुडच्या फूटवालमध्ये कचरा अडकला, मोटर कोरडी फिरली अन् वाइंडिंग जळलं, 7 हजार गेले. आता ऑटो हायच पन हे 12 ले उठून विहिरीवर जातेच, फक्त बटन नाही दाबत, आवाज ऐकून येते. तसंच असन नं तिथं

दादा रियाध: काकू 💯 एकदम तसंच. कंट्रोल रूम म्हनून मोठा हॉल असते, भिंतभर स्क्रीन, 24 तास मानसं बसलेली. गाडी मधात अडकली त तिथूनच पॅसेंजरशी बोलते. रात्री गाड्या थांबल्या का दोन चार घंटे भेटते, तेवढ्यात रूळ, केबल, सिग्नल, दरवाजे सगळं चेक. दरवाज्याचं सेन्सर एक बिघडलं त आख्खी गाडी उभी राहते. हे काम दिसतच नाही कोनाले

भाऊजी नागपूर: आणि लाईन बांधली म्हणजे गाडी धावलीच असंही नाही. बंगळुरूची यलो लाईन 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाली तर सुरुवातीला गाड्याच फक्त 3, दर 25 मिनिटाला एक. गाड्या विनाड्रायव्हर चालू शकणाऱ्या, तरी सुरुवातीला ड्रायव्हर बसवूनच चालवल्या. मुंबईची भुयारी 3 नंबरची 33.5 किमी, चेन्नईचा दुसरा टप्पा 118.9 किमी, सगळीकडे गाड्या विनाड्रायव्हर चालू शकणाऱ्याच घेतल्या. म्हणजे पुढं कल हाच. पण बंटी ज्या पोस्टचं म्हणतो तिच्या नावात स्टेशन कंट्रोलर आधी आहे, ते नीट वाच

बंटी: हो भाऊजी. त्याच जाहिरातीत मेंटेनर अन् ज्युनिअर इंजिनिअर सिग्नलचेबी हाय. माहा डिप्लोमा इलेक्ट्रिकल

दादा रियाध: मंग ज्युनिअर इंजिनिअरचा भर नं बह्याडा, एवढा वेळ काय सांगून रायलो

मामा अकोला: दोन्ही भर. फी मी देतो. पन नापास झाला त डी फार्मसी

बंटी: 🙏 मामाजी. पन नॉन क्रिमिलेअर जुनं झालं, अन् नेट सेंटरवाला सोयाबीन सोंगाले गेला, दुकान बंद

भाऊजी नागपूर: कागदं मला पाठव, इथून भरतो आजच. फोटो पांढऱ्या बॅकग्राऊंडचा पाठव, मागच्या वेळेस गोठा दिसत होता

बंटीची ताई: आबाजी विचारून रायले का रियाधच्या गाडीत पुढच्या काचेतून रूळ पूर्न दिसते का

दादा रियाध: हो आबाजी. बोगद्यात घुसतानी त लय भारी दिसते

बंटीची ताई: म्हन्ते व्हिडिओ पाठव. एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत, मधात तोडू नको. अन् तुहं तोंड नको म्हन्ते, रूळ दाखव