आबांना सिएना ते रोम चालायचंय

प्रेषक: झुरिकचा एक सभासद

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सासवडला असतात. वय ७२. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अकरा वेळा चाललेत. यंदाची आषाढी आटोपली की ऑगस्टअखेर ते आमच्याकडे येतायत. त्यांना इटलीतले किल्ले आणि जुनी चर्च दाखवावीत म्हणून मी गाडीने टस्कनी फिरायचा चार दिवसांचा बेत आखला होता. फोनवर बोलता बोलता सांगून बसलो की त्याच मुलखातून रोमला जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट आहे, विया फ्रान्चिजेना नावाची. त्यावर आबा म्हणाले, "मग गाडी कशाला?"

सिएना ते रोम कोणी चाललंय का? त्यांना झेपेल का? ते माळकरी आहेत, खाण्याचं काय करायचं? आणि खरं सांगायचं तर किल्ले बघायचे राहून जातील का, हीही रुखरुख आहे.

*

प्रेषक: मिलानची ताई

अरे, आबांचंच बरोबर आहे. गाडीचा बेत सोड.

आम्ही दोघं मागच्या सप्टेंबरात चाललो. त्याआधी याच भागात दोनदा गाडीने फिरलो होतो. किल्ला दिसला की गाडी लावायची, तट बघायचा, फोटो काढायचे, की पुढचा किल्ला. सगळं सुंदर, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता. चाललो तेव्हा तो लागला. ही गावं रस्त्याने जन्माला घातलीत रे. दिवसभर चालून पाय बोलायला लागले की समोर डोंगरावर गाव दिसतं, कारण तुझ्याआधी हजार वर्षं लोकांचे पाय तिथेच बोलायला लागत होते. इ.स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून घरी परतला. त्या परतीच्या वाटेवरच्या ऐंशीएक मुक्कामांची यादी शिल्लक आहे. आजची वाट मुख्यतः त्याच यादीवरून आखलीय. त्यामुळे किल्ले राहून जातील ही रुखरुख नको. किल्ले वाटेतच येतात.

सिएनाच्या एक टप्पा आधी, मोंतेरिज्जोनीपासून सुरुवात करा. सिएनाकरांनी १२१३ साली तो कोट बांधायला घेतला तो फ्लॉरेन्सवर आणि या रस्त्यावर नजर ठेवायला. टेकडीच्या माथ्यावर गोल तट आणि चौदा बुरूज. आत एक चौक, एक छोटं चर्च, थोडी घरं, बस्स. तिथून सिएना वीस किलोमीटर. आबांचे पाय आणि बूट यांची ओळख व्हायला हा दिवस चांगला.

सिएनात मात्र एक दिवस थांबायचंच. कॅथेड्रल सगळेच बघतात, तुम्ही त्याच्या बरोब्बर समोरच्या इमारतीत जा. सांता मारिया देल्ला स्काला. हे यात्रेकरूंचं, आजाऱ्यांचं आणि टाकून दिलेल्या मुलांचं रुग्णालय होतं, आणि विसाव्या शतकातही तिथे रुग्ण असत. आत पेल्लेग्रिनायो म्हणजे यात्रेकरूंचं दालन आहे. त्याच्या भिंतींवर १४४० च्या दशकातली चित्रं आहेत. त्यात देवादिकांपेक्षा त्या रुग्णालयातलं रोजचं काम जास्त. एका चित्रात मांडी फाटलेला उघडा तरुण बसलाय, एक सेवक त्याला धुतोय, बाजूला कुणी वैद्य बाटलीतलं मूत्र उजेडात धरून बघतोय, आणि खाली कुत्रं-मांजर भांडतायत. मी त्या एका चित्रासमोर अर्धा तास उभी होते. धर्मशाळा म्हणजे काय हे आबांना वेगळं सांगावं लागणार नाही, पण ती अशी रंगवलेली त्यांनी बघावी असं मला फार वाटतं.

सिएना सोडलं की क्रेते, म्हणजे चिकणमातीच्या उघड्या टेकड्या. पाऊस पडून गेला असेल तर ती माती आपल्या काळ्या रानातल्या चिखलासारखी बुटाला धरते. आम्हाला एका तासात दोन किलोमीटरसुद्धा जाता आलं नाही. बाकी वाट बहुतेक पांढऱ्या खडीची, दुतर्फा सुरूची झाडं. सावली कमी. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच.

मग सान क्विरिको. तिथल्या चर्चचे दरवाजे नीट बघा, एका दाराचे खांब सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. पुढे पाच किलोमीटरवर बान्यो विन्योनी. त्या गावाला चौक नाही, चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे आणि त्याच्याभोवती घरं. कुंडात उतरू देत नाहीत, पण गावाच्या कडेने पाणी ओहोळातून वाहतं, तिथे पाय सोडून बसता येतं.

आणि मग रादिकोफानी. त्याविषयी लिहायचं म्हणूनच खरं तर ही मेल लिहायला बसले.

सान क्विरिकोहून ते तेहतीसेक किलोमीटर आहे आणि चढ सगळा शेवटी. किल्ल्याचा मनोरा सकाळपासून दिसत राहतो आणि जवळ येत नाही. हा टस्कनी आणि पोपच्या मुलखाच्या सीमेवरचा किल्ला. तेराव्या शतकाच्या शेवटी गीनो दी ताक्को नावाच्या सरदाराने तो बळकावला. तो वाटसरूंना लुटायचा, पण पुढच्या प्रवासापुरतं त्यांच्याकडे ठेवायचा अशी त्याची ख्याती. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला होता. यात्रेकरूंच्या निवाऱ्यात स्वयंसेवक होते, निवृत्त झालेली साधी माणसं, पंधरा दिवस सेवेला येतात. जेवणाआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना बाकांवर बसवलं. पितळी घंगाळ, पाण्याची सुरई, खांद्यावर पांढरा पंचा. त्यांतले एक आजोबा माझ्यासमोर गुडघ्यावर बसले, माझा पाय हातात घेतला, त्यावर कोमट पाणी घातलं, पुसला, आणि वाकून त्या पायावर ओठ टेकवले. मी पाय मागे घेत होते, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

वारीत रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांचे पाय चेपणारी, तेल लावणारी माणसं आबांनी अकरा वर्षं पाहिलीत. त्यांचा पाय तिथे त्या आजोबांच्या हातात जावा. तू तेवढ्यासाठी तरी त्यांना ने. जागा थोड्या असतात, आधी फोन करून विचारून ठेव.

पुढचं पटपट सांगते. आक्वापेन्देन्ते, मग बोल्सेनाचं तळं, जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यातलं, आभाळाएवढं. मोन्तेफियास्कोनेहून रोम शंभर किलोमीटर उरतं. विटेर्बोत पोपचा वाडा आहे. १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षं तिथे नवा पोप ठरेना, तेव्हा गावकऱ्यांनी पोप निवडणाऱ्या कार्डिनलांना कोंडून वरचं छप्पर काढलं. सुत्रीत मऊ दगडात कोरलेलं रोमन रंगमंडळ आहे आणि शेजारी त्याच खडकात कोरलेलं मातेचं चर्च. आधी ते मिथ्र देवाचं देऊळ होतं. दाराशी यात्रेकरूंची रांग रंगवलीय, हातात काठ्या असलेली चिमुकली माणसं. ते कुलुपात असतं, ठरलेल्या वेळी उघडतात, ती वेळ चुकवू नका.

खाणं. बिनमिठाचा पाव, पांढऱ्या घेवड्याची उसळ, भाज्या-पावाचं घट्ट रिबोल्लिता, टोमॅटो-लसणातली पिची, म्हणजे जाड शेवयांसारखा पास्ता. प्रत्येक वेळी "सेन्त्सा कार्ने", म्हणजे मांस नको, म्हणायचं आणि मटणाचं पाणी नाही ना हे वेगळं विचारायचं. चीजचं मात्र आबांना आधीच सांग. इकडे पेकोरिनो, पार्मिजानो लावायला कोकराच्या किंवा वासराच्या जठरातला अर्क वापरतात. ते कळल्यावर खायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. नंतर कळलं तर त्यांना लागेल.

*

प्रेषक: म्युनिकचे काका

ताईंनी भरभरून लिहिलंय आणि पटतंही, पण एका बाबतीत मी आडवा येणार. बहात्तराव्या वर्षी तेहतीस किलोमीटर आणि शेवटी चढ, हे एका दिवसात करायचं नाही. बान्यो विन्योनीला मुक्काम करा. तिथून रादिकोफानी सत्तावीस-अठ्ठावीस उरतं, आणि पहाटे निघालात तर उन्हाआधी बरंच अंतर कापून होतं. गुडघे कुरकुरले तर उरलेलं बसने जा. पाय धुवायला पाय शाबूत हवेत.

दुसरं असं. वारीत आबांच्या मागे दिंडी असते. भजन, ट्रक, तंबू, जेवण, डॉक्टर, सगळं बरोबर चालतं. इथे मला एका अख्ख्या दिवसात चार माणसं भेटली. टाळ नाही, कुणी माउली म्हणत नाही. समोरचा "बुओन कम्मीनो" म्हणतो आणि पुढे जातो. अकरा वाऱ्या केलेल्या माणसाला चालणं जड जाणार नाही, शांतता जड जाईल. मुला, तू स्वतः सगळा वेळ त्यांच्याबरोबर चाल. अर्ध्यात ऑफिसची मीटिंग म्हणून हॉटेलात बसू नकोस.

मी रस्त्यांच्या कामातला माणूस, म्हणून एक सांगतो. मोन्तेफियास्कोने ते विटेर्बो या टप्प्यात रोमन काळातल्या कास्सिया रस्त्याचा तुकडा पायाखाली येतो. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या मोठ्या फरश्या, कडा एकमेकींत बसवलेल्या. सह्याद्रीतल्या माणसाला तो दगड परका वाटणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता आजही भार घेतो हे बघून मी तिथे उकिडवा बसून सांध्यांवरून बोटं फिरवली.

यात्रेकरूचं ओळखपत्र, क्रेदेन्सियाले, निघण्याआधी मागवून ठेवा. प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का घ्यायचा. शेवटचे शंभर किलोमीटर पायी झाल्याचं त्यावरून दिसलं की रोमला तेस्तीमोनियुम नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ऑगस्टच्या उन्हात निघू नका, सप्टेंबरचा मध्य उत्तम.

*

प्रेषक: झुरिकचा एक सभासद

ताई, काका, दोघांनाही मनापासून धन्यवाद. दोन्ही मेल आबांना फोनवर वाचून दाखवल्या. रादिकोफानीचं ऐकून म्हणाले, "म्हणजे दिवेघाटच की." अंतर सांगितलं, सिएना ते रोम पावणेतीनशे, तर म्हणाले की आळंदीहून पंढरपूर साधारण तेवढंच आहे, थोडं कमी. चीज नको म्हणाले. काकांचं शांततेबद्दलचं वाक्य मात्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, एक वीणा आणतो, हलकी.

मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे.

त्यांचा एकच प्रश्न राहिला. वेळापूरजवळच्या टेकडीवरून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून वारीत तिथे धावा होतो. आबा विचारतायत, रोमचा कळस कुठून दिसतो?

*

प्रेषक: मिलानची ताई

मोन्ते मारियोवरून. शेवटच्या दिवशी, ला स्तोर्ताहून निघाल्यावर. जुने यात्रेकरू त्या टेकडीला मोन्स गाउदिई म्हणायचे, आनंदाचा डोंगर, कारण तिथून पहिल्यांदा रोम दिसायचं.

हा शेवटचा टप्पा पुष्कळ लोक रेल्वेने करतात, कारण सुरुवातीला वाहतुकीचा रस्ता आहे आणि तो खरंच नकोसा आहे. तुम्ही तसं करू नका. तो रस्ता सोसा. मग झाडीतून चढून वर आलं की कठड्यापाशी या. खाली टायबर, सगळी घरं, आणि उजव्या हाताला सेंट पीटरचा घुमट. उतरायची वाट वळणावळणाची, दगडी आहे, तिथे आबांना धावू देऊ नकोस. कठड्यापाशी पाठीवरची पिशवी उतरव आणि वीणा त्यांच्या हातात दे.