प्रतिसाद: लिंकनचा देव मतांसाठी नव्हता

वर कुणीतरी लिहिलंय की युद्धकाळातले नेते देवाचं नाव फक्त लोकांना पेटवायला घेतात आणि अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये गुलामगिरीवरून यादवी युद्ध झालं, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनही त्यातलाच. हे मला अजिबात पटत नाही.

लिंकन कुठल्याही चर्चचा सभासद कधीच झाला नाही. फेब्रुवारी 1862 मध्ये त्याचा विली हा मुलगा गेला. त्याच सुमाराचं मानलं जाणारं त्याचं एक छोटं टिपण आहे. दोन्ही बाजू देव आपल्याच पाठीशी असल्याचं म्हणतात, पण निदान एक तरी चुकत असणारच, असं त्यात आहे. हे त्याने छापलं नाही, कुठे वाचून दाखवलं नाही. त्याच्या सेक्रेटरीने, जॉन हे याने, ते जपलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. मतांसाठी असं कोण लिहील?

आणि दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतानाचं, 4 मार्च 1865 चं भाषण बघा. निवडणूक जिंकलेली, विजय दिसतोय. अशा वेळी तो म्हणतो की उत्तर आणि दक्षिण दोघेही एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि कुणाचीच पुरती ऐकली गेली नाही. गुलामगिरीचं पाप तो एकट्या दक्षिणेच्या माथी मारत नाही, ते उत्तरेचंही मानतो. जिंकत आलेल्या सेनापतीने स्वतःच्या लोकांना हे ऐकवायला खरी श्रद्धाच लागते.