घरखर्चात तुमच्याकडे काय टिकलं? (अनुभव लिहा)

दिवाळीनंतर मी खर्चाची वही पुन्हा सुरू केली. आईकडे असायची तशीच, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. त्याआधी मोबाईलवर लिहून पाहिलं होतं, ते तीन आठवड्यांत बंद पडलं. वही स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने अडकवली आहे, पेन त्याच दोरीला, म्हणून लिहिली जाते.

चार महिन्यांनी बेरीज केली तेव्हा कळलं की मी भलत्याच ठिकाणी जपत होते. मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घ्यायचे आणि महिन्याला साडेतीन-चार हजार बाहेरून मागवलेल्या जेवणावर जायचे. त्या दिवसांवर खुणा केल्या. बहुतेक दिवशी घरात भाजी होती, पण निवडलेली नव्हती, आणि आठ वाजता कामावरून आल्यावर कुणाच्याच अंगात त्राण नसायचं. आता रविवारी संध्याकाळी नवरा आणि मी मिळून तासभर बसतो. पालेभाजी निवडून कापडात, मटार सोलून, ओल्या खोबऱ्याचं वाटण फ्रीजरमध्ये. बाहेरचं मागवणं महिन्यातून दोनदा इतकं खाली आलं आहे.

तुम्ही तुमचं लिहा. ऐकीव नको, निदान वर्षभर घरात टिकलेलं हवं. करून सोडून दिलं असेल तर का सोडलं तेही लिहा. आणि एक विनंती : पैसे वाचले तेव्हा घरातल्या कुणाचं काम वाढलं, हे लपवू नका. आमच्याकडे आधीच्या दोन वेळा सगळं माझ्याच अंगावर आलं होतं, म्हणून ते टिकलं नाही.

कल्याणहून

आमची सगळी बचत विजेत झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

मीटर जिन्याखाली आहे. दर महिन्याच्या १ तारखेला रीडिंगचा फोटो काढायला लागलो. मग एका रात्री फ्रीजसकट सगळं बंद करून खाली जाऊन पाहिलं, तरी मीटरचा दिवा लुकलुकत होता. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो चालूच असतो. १० वॅट धरले तरी चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ७ युनिट. आता भिंतीवरचं बटण बंद करूनच झोपतो.

दुसरं, फ्रीजच्या दाराचं रबर. दारात नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघून आली तर रबर गेलं आहे. आमची खालच्या कोपऱ्यातून अलगद यायची. रबर बदललं आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारचा पंखा साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे तेवढ्याच तासांना ११ युनिटसुद्धा होत नाहीत. दोन पंखे बदलले, महिन्याला ३२ युनिट कमी. पंखा महाग असतो, म्हणून तिन्ही एकदम बदलले नाहीत. आधी झोपायच्या खोलीतला, सहा महिन्यांनी बाहेरचा. स्वयंपाकघरातला जुनाच आहे, कारण तो दिवसाला तासभरही चालत नाही. तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता बिलाचं. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला दुसरा, जो जवळपास दुपटीचा आहे. पुष्कळांना वाटतं की १०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं होत नाही, पहिल्या १०० ना खालचाच लागतो. पण याचा अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. आम्ही १७० च्या आसपास होतो, आता १२५ ला आहोत. युनिट पाव हिश्श्याने कमी झाले, बिल त्याहून जास्त.

काम कुणाचं वाढलं? कुणाचंच नाही. म्हणून टिकलं.

ठाण्याहून

एसीबद्दल एवढंच. २४ वर ठेवून सोबत पंखा एकवर. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. आम्ही २० वरून आलो, पहिले चार दिवस मुलं कुरकुरली, मग सवय झाली.

कराडहून

मी गेली एकतीस वर्षं वर्षाचं धान्य भरते. आमची पाच माणसं. हल्लीच्या मुली विचारतात की काकू, एवढा उपद्व्याप करून वाचतं काय? नीट वेळ साधली तर वाचतं, आणि वर्षभर एकाच चवीचं खायला मिळतं.

सगळं उन्हाळ्यातच भरायचं असं नसतं. तांदूळ दिवाळीनंतर नवा येतो. आम्ही इंद्रायणी घेतो, पण तो लगेच खायला काढत नाही, कारण नवा तांदूळ चिकट होतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत. चिंच आणि लाल मिरची त्याच्या पाठोपाठ. शाळू मार्चमध्ये, गहू एप्रिलमध्ये. असा खर्च पाच महिन्यांवर विभागला जातो.

पैशाची सोय भिशीतून. आम्ही गल्लीतल्या दहा बायका, दरमहा दोन हजार, आणि माझा नंबर मी मार्च-एप्रिललाच मागून घेते. मात्र भिशी उंबऱ्या-उंबऱ्याची ओळख असेल तिथेच लावावी. ओळखीच्या ओळखीतल्या भिशीत माझ्या जावेचे पैसे बुडालेत.

धान्याला दोन कडक उन्हं दाखवायची आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कोठीत भरायचं नाही. गरम भरलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. चुकतात ते इथेच. संध्याकाळी आत आणून चादरीवर पसरून ठेवावं, सकाळी भरावं. गव्हात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, तळाला, मध्ये आणि वर. तुरीच्या डाळीला एरंडेल हाताला लावून चोळायचं, थेंब थेंब, नुसती चकाकी येईल इतकंच. कोठीतून काढताना ओला हात नको.

कष्टाचं विचारलंत ते बरं केलंत. पोती वर गच्चीत चढवायला पूर्वी मी आणि सासूबाईच असायचो. माझं गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून दोन्ही मुलगे ते करतात. ते नसते तर मी सोडून दिलं असतं, आणि त्यात काही चूक मानली नसती.

पुण्याहून, भाड्याच्या दोन खोल्यांतून

काकूंचं वाचून आमचं लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे हेच फसलं. घाऊक बाजारातून ५० किलो तांदूळ आणला. गच्ची नाही, बाल्कनीत ऊन सकाळचं दीड तास. जुलैत सोंडे झाले, ऑगस्टपर्यंत जाळी धरली. निवडून, पाखडून शेवटी पंधरा किलो टाकून द्यावा लागला. अन्न टाकताना फार वाईट वाटलं.

आता मजल्यावरची चार घरं मिळून ३० किलोचा कट्टा आणतो आणि काट्यावर वाटून घेतो. दर घाऊकचा, आणि माल दीड-दोन महिन्यांत संपतो. उन्हाचा प्रश्नच येत नाही. ऊन आणि जागा नसेल त्यांनी वर्षाचं भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईहून

मी चार घरी स्वयंपाक करते. वरचं सगळं वाचलं. धान्य भरा, मोठं पाकीट घ्या म्हणतात, ते खरं आहे, पण त्यासाठी आधी हातात एकदम पैसे लागतात. आमच्यात पाव किलो तेल, पाव किलो साखर अशी रोजची आणणी. त्यात आम्हालाच माल महाग पडतो.

आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. चार वर्षांपूर्वी ठरवलं की गटाच्या पैशातून १५ किलोचा तेलाचा डबा घ्यायचा, प्रत्येकीने सव्वा-सव्वा किलो न्यायचं आणि पैसे महिन्याभरात दोन हप्त्यांत द्यायचे. मग साखर आणि तूरडाळही तशीच सुरू केली. हिशेब एकीकडे आणि काटा दुसरीकडे ठेवतो, म्हणजे कुणाच्या मनात काही येत नाही.

पण मोठं ते स्वस्तच असंही नाही. शांपूची बाटली आणि पुड्या यांचा हिशेब माझ्या मुलीने मांडला, तेव्हा पुड्या स्वस्त निघाल्या. हल्ली पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो, बारीक अक्षरात. ती आता सगळीकडे तोच वाचते.

रत्नागिरीहून

आमच्याकडे फणसाच्या आठळ्या टाकत नाहीत. लाल माती लावून सुकवून टोपलीत ठेवल्या की पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा आमटीत घालायला होतात. दुधीच्या सालींची आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. हे बचत म्हणून नाही, आवडतं म्हणून करतो.

नाशिकहून

गॅस. सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख लिहितो. त्यामुळे काय केल्याने किती दिवस वाढले ते नेमकं कळतं. आमचा ३६-३७ दिवस जायचा, आता ४८ पर्यंत जातो. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवणं, एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे, पहिली शिट्टी झाली की आच बारीक, आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू देणं. छोले-राजमा रात्रीच भिजत. ज्योत पिवळी दिसली की बर्नर काढून टाचणीने भोकं साफ करायची. निळी ज्योत हवी.

सिलिंडर घेताना वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं आलं पाहिजे. आम्हाला एकदा दोन किलोने कमी भरलेली आली होती. दारातच वजन केलं म्हणून बदलून मिळाली.

नागपूरहून

आम्ही दोघंही सत्तरीच्या जवळ. धान्य-भाजीपेक्षा आमचा मोठा खर्च औषधांचा. माझं रक्तदाब, यांची साखर आणि रक्तदाब दोन्ही. महिन्याला अठ्ठावीसशेच्या वर जायचे.

दोन वर्षांपूर्वी लेकाने जनऔषधी केंद्राचं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानाचं, सुचवलं. मला भीती होती की स्वस्त म्हणजे हलकं असेल. म्हणून आधी डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्यांची मूळ नावं लिहून मागितली : टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, प्रत्येकापुढे मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन साधी की हळूहळू विरघळणारी, हेही लिहून घ्यावं लागतं. तिथे गल्लत होते. बदलल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी घरच्या मशीनवर रक्तदाब मोजून वहीत लिहिला आणि ती वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चालू ठेवा म्हटलं. माझी थायरॉइडची गोळी मात्र त्यांनी बदलू दिली नाही, ती पूर्वीचीच घेते. आता सगळं मिळून हजाराच्या आत येतं. कधी एखादी गोळी संपलेली असते, म्हणून दहा दिवस आधी जाते.

आणखी एक सांगायचं आहे, ते जास्त महत्त्वाचं. हे बदलण्याआधी यांनी स्वतःहून एक गोळी एक दिवसाआड घेणं सुरू केलं होतं. पैसे वाचावेत म्हणून. मला सांगितलंही नाही. तीन महिन्यांची साखर तपासली तेव्हा उघडकीस आलं. मी खूप रडले त्या दिवशी. तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या अधूनमधून मोजा. खर्च मुलांवर पडतो म्हणून ती काय काय सोडतात, ती बोलत नाहीत.

श्टुटगार्टहून (जर्मनी)

इथे प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पावती मिळते. आमच्याकडे ते मुलीचं खातं आहे. थंडीत हीटिंगचं बिल मोठं, तिथे शेजारच्या आजींनी शिकवलेलं कामी आलं. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही, हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडायच्या आणि लावून टाकायच्या. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. कणीक आम्ही तीन मराठी घरं मिळून १० किलोची पिशवी आणून वाटतो, पुण्याच्या कट्ट्यासारखीच.

वहीवाली, पुन्हा

नागपूरच्या काकू, तुमचं वाचून मी काल सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा घेऊन बसले. पट्टीवर सहा गोळ्या जास्त निघाल्या. विचारलं तर आधी विसरलो म्हणाले, मग म्हणाले, "तुमचे हप्ते चालू आहेत ना." शनिवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाते आहे, मूळ नावं लिहून आणायला. तोपर्यंत रोज रात्री गोळी नवरा स्वतः हातात देतो आहे.

फ्रीजच्या दारात नोटही लावून पाहिली. निघून आली. कल्याणकर, रबर तुम्ही कंपनीकडून बदललंत की बाहेरच्या मेकॅनिककडून, आणि किती पडले, ते लिहाल का?