एजंटच्या आठवणी एकमेकींना जोडाव्यात की नुसता शोध पुरे?

तापीकाठचा
यावलकडे आमची केळी आहे. शेतीच्या नोंदींसाठी मी घरीच एक एजंट, म्हणजे एआयवर चालणारा मदतनीस प्रोग्राम, बसवलाय. आबा (चुलते) फोनवर बोलतात आणि एजंट त्याची छोटी आठवण करून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. सुरुवातीला नुसता व्हेक्टर शोध होता, म्हणजे प्रश्नाच्या अर्थाशी जवळच्या चार-पाच नोंदी काढायच्या आणि उत्तर देणाऱ्या भाषा मॉडेलपुढे ठेवायच्या.

ऑगस्टात आबा म्हणाले, पानांवर पिवळे पट्टे दिसताहेत. एजंटने पानांबद्दलच्या जुन्या नोंदी काढल्या आणि खताचा सल्ला दिला. पण त्याच डेटाबेसमध्ये जूनची नोंद पडून होती : 'बांधाला काकडीचे वेल लावले.' असे पट्टे आणणाऱ्या हरण्या रोगाचा विषाणू काकडीवर राहतो आणि मावा तो केळीवर आणतो, हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. पण 'काकडीचे वेल' आणि 'पिवळे पट्टे' या दोन वाक्यांत सारखं काय? शोधाला ते सापडणारच नव्हतं.

आता मी लिंकचं वेगळं टेबल केलंय. इकडची आठवण, तिकडची आठवण आणि नात्याचा प्रकार : 'कारण', 'बदलली', 'उलट सांगते'. नोंद सापडली की तिच्या लिंकाही सोबत येतात. माझं मत स्पष्ट आहे, लिंक नसेल तर ती आठवण नाही, अडगळ आहे.

रावेरी_फणी
अडगळ परवडली भाऊ, चुकीची लिंक परवडत नाही. मी हे वर्षभर वापरून सोडलंय.

आमच्याकडेही 'पिवळी पानं → कारण → हरण्या' अशी लिंक एजंटने स्वतःच घातली होती. पावसाळ्यात ती खरी होती. पौषात थंडी पडली, पानं पिवळी झाली. एजंट त्याच लिंकेवरून चालत गेला आणि ठाम सांगितलं, खोडं उपटून नष्ट करा. आमच्या गड्याने बारा उपटलीसुद्धा. मग वडील आले. त्यांनी तेराव्या खोडाचा पोगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) हाताने उघडून पाहिला. पोगा साफ होता, पिवळी होती ती खालची जुनी पानं. थंडीचा चरका होता तो. बारा खोडं गेली ती गेलीच.

नुसता शोध असता तर मॉडेलने निदान नव्याने विचार केला असता. लिंक म्हणजे कालचा अंदाज आज पुरावा म्हणून उभा राहतो.

तापीकाठचा
तुमची लिंक अर्धवट होती, दोष लिंकेचा नाही. 'पावसाळ्यात' एवढं तिच्यावर लिहिलं असतं तर?

रावेरी_फणी
लिहिणार कोण? लिहिताना पुढचा पौष कुणाला दिसतो?

आणि पसारा बघा. प्रत्येक नोंदीला दहा लिंका धरल्या तर लिंकेवरून लिंकेवर अशा दोन उड्यांत शंभर नोंदी. 'केळी' या नोंदीला तर सगळंच चिकटतं. मॉडेलपुढे आख्खा बाग ओतायचा आणि वर टोकनचं, म्हणजे मॉडेलने वाचलेल्या शब्दतुकड्यांचं, बिल भरायचं.

कोडवाला_धुळे
फणीभाऊंचं अर्धं पटतं. एक उडी बस्स, आणि ज्या नोंदीला खूप लिंका तिचं वजन कमी धरायचं. पण 'बदलली' ही लिंक मी मरेपर्यंत सोडणार नाही. आमच्या नोंदीत 'मोटर 5 एचपी' होती, नंतर 'मोटर 7.5 एचपी' आली. दोन्ही वाक्यं इतकी सारखी की शोध दोन्ही काढतो आणि मॉडेल कधी ही उचलतं, कधी ती. तारीख बघून ओळखेल म्हणता, पण विहिरीवर एक आणि बोअरवर एक अशा दोन मोटरी असल्या तर? जुनीची जागा नवीने घेतली की दोन्ही चालू आहेत, हे तारखेवरून कळत नाही.

लोक लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा दाखला देतात, की त्याने सुमारे 90,000 चिठ्ठ्या एकमेकींना जोडल्या. खरंय, पण त्याने प्रत्येक जोड स्वतः विचार करून घातली. आपला एजंट दोन नोंदी सारख्या दिसल्या की लिंक घालतो. मग त्या लिंकेत शोधापेक्षा जास्त काय आलं? ते तर शोध फुकट देत होताच.

खातेपान
मी कॉम्प्युटरवाला नाही, जळगावात दाळ मिलवर तीस वर्षं हिशेब लिहिले. तुम्ही पोरं ज्याला लिंक म्हणता ते आमच्या किर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, 'खा. पा.' (खाते पान) म्हणून एक बारीक रकाना असायचा. किर्दीत खतावणीचं (खातेवहीचं) पान आणि खतावणीत किर्दीचं पान. एकाच बाजूला आकडा दिसला की शेठ वही तोंडावर फेकायचे.

दुसरं म्हणजे चुकलेली नोंद आम्ही खोडत नव्हतो, दुरुस्तीची नोंद वेगळी टाकायचो. फणीभाऊ, तुमच्या त्या हरण्याच्या लिंकेला नंतर दुरुस्ती टाकली का?

रावेरी_फणी
नाही काका. आख्खं टूलच काढून टाकलं.

खातेपान
तुम्हनं दुख समजस भाऊ, पन वही जाळीसन हिशेब सुधरत नही.

तापीकाठचा
काका, पटलं. काल टेबलात दोन रकाने वाढवले : लिंक कोणी घातली, आणि कोणी तपासली. न तपासलेली लिंक मॉडेलपुढे जाताना 'अंदाज' असं लिहूनच जाते. तपासतात आबा. संध्याकाळी चहाला बसले की पाच लिंका वाचून दाखवतो.

रावेरी_फणी
काल पाचातल्या किती टिकल्या, खरं सांगा.

तापीकाठचा
तीन. उरलेल्या दोन खोडल्या नाहीत, दुरुस्ती टाकली. त्यातली एक होती 'मोटर जळाली → कारण → उन्हाने पानं जळाली'. आबांच्या नाकातून चहा आला.

रावेरी_फणी
आणि आबा महिनाभर पंढरपूरला गेले की?