शब्दचर्चा: वॉकर, फुलर, टकर यांना मराठीत काय म्हणाल?

जुनी_वही: एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात म्हटलंय की इंग्लंडातले वॉकर, फुलर आणि टकर आडनावाचे लोक मूळचे एकाच धंद्यातले. मागावरून उतरलेलं लोकरी कापड पाण्यात, शिळ्या मुतात, मातीत तुडवायचं. तेलकटपणा जातो, कापड आटून वीण दाट होते. या माणसाला काय म्हणू? 'धोबी' लिहिलं तर संपादकांनी खोडलं.

शुद्धमती: बरं केलं, धोबी हिंदीतला. 'वस्त्रमर्दक' घ्या.

तांब्याभर: वस्त्रमर्दक कीचकाचा मावसभाऊ वाटतो. 'तुडव्या' म्हणा. कापडावर चालायचा म्हणून वॉकर, इतकं सोपं आहे.

कुळकथा: नाही हो. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' म्हणजे लोळवणं, घोळणं. त्यावरून कापड घोळणारा तो वॉकर. जर्मनमध्ये 'वाल्केन' अजून त्याच अर्थाचं आहे. 'चालणे' हा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून चिकटला. फुलर लॅटिन 'फुल्लो'वरून. टकरचं मूळ 'टुकियन', म्हणजे चक्क छळणे! वॉकर उत्तरेकडचे, फुलर आग्नेयेकडचे, टकर नैर्ऋत्येकडच्या डेव्हन-सॉमरसेटचे. एक्झेटरला या मंडळींचा 15व्या शतकातला टकर्स हॉल आजही उभा आहे. शिवाय 12व्या शतकापासून पाणचक्कीचे हातोडे हे काम करू लागले होते. म्हणजे आडनाव वॉकर पडलेल्या कित्येकांनी कापडाला पायही लावला नसेल.

वऱ्हाडी_ठेचा: प्रांतागणिक नाव बदलणं आपल्याला नवं नाही. आमच्याकडं वरठी, पुण्याकडं परीट, गोव्यात मडवळ. आणि संपादकांना मराठी बायबल दाखवा. मार्कच्या 9व्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र होतात की कुणा परिटालाही जमणार नाहीत. इंग्रजीत तिथं फुलर आहे. 14व्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलात तर 'फुलर किंवा वॉकर' अशी जोडी आहे.

शुद्धमती: बायबलाचं मराठी प्रमाण कधीपासून?

वऱ्हाडी_ठेचा: 'वस्त्रमर्दक' सुचवणाऱ्यानं हे विचारावं!

सुताचा_गुंता: दोघंही थांबा. परीट वापरलेलं, मळलेलं कापड धुतो. फुलरचं काम कोऱ्या कापडावर. आपल्याकडं घोंगडी विणून झाली की चिंचोक्याची खळ देतात. टप्पा तोच, पण काम वेगळं. घोंगडी विणणाऱ्या सनगरांकडं तुडवण्याला शब्द असेल तर तो घ्यावा, घरी बसून पाडू नये.

पाटावरवंटा: मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात ती याच फुलरची की काय? तेल शोषते म्हणून? मी इतकी वर्षं फुलांशी संबंध लावत होते.

कुळकथा: त्याचीच. आधी लोकरीला, मग तुमच्या गालाला.

तांब्याभर: मग जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा 1908 पासून ढांगा टाकणारा माणूस म्हणजे माझ्याच व्युत्पत्तीची जाहिरात. आणि आपला हिंदी सिनेमातला विनोदी नट जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, आधी मुंबईत बस कंडक्टर. तो तरी दिवसभर चालायचाच, डब्यातल्या डब्यात.

पाटावरवंटा: दारू न पिता दारुड्या करायचा म्हणे! गुरुदत्तनं दिलं ना ते नाव?

जुनी_वही: अहो, वाक्य अडलंय माझं. 'कापड तुडवून घट्ट करणारे' असं सरळ लिहू का?

शुद्धमती: ती व्याख्या झाली, शब्द नव्हे.

सुताचा_गुंता: चालेल की. आडनावं तशीच ठेवा, ती कुठं भाषांतरित करायची असतात?

तांब्याभर: 'सी.आय.डी.'मधलं त्याचं गाणं कुठलं, सांगा बघू.